दौलतखानाचा दाखला

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो नववीत आहे. एरवी तो फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. त्या दिवशी मात्र सलामही न करता सरळ मुद्द्यावर आला.

"मामू, ती यादी तुमच्याकडे आहे ना?"

"कसली यादी?"

"शिवाजी महाराजांच्या मुसलमान सरदारांची. अम्मी म्हणते नानांच्या डायरीत आहे. मला हवीय. शाळेत १९ तारखेला भाषण आहे."

मी म्हटलं, देतो. मग सहज विचारलं, "यादीच का? गोष्ट सांग ना एखादी." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, वर्गाच्या ग्रुपवर त्याचं नाव वक्त्यांमध्ये आलं, तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं, "तुमचं कोण होतं तिकडे? तुमचे तर सगळे समोर होते." त्यावर हसण्याचे चेहरे टाकले गेले. काहींनी त्या मुलाला गप्प केलं, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पण त्याला उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर म्हणून यादी हवी होती.

ती डायरी माझ्या कपाटात आहे. अब्बांना जाऊन नऊ वर्षं झाली. एका बँकेने नववर्षाला फुकट वाटलेली १९९३ ची डायरी, तिच्या शेवटच्या पानावर अब्बांच्या वळणदार अक्षरात मथळा आहे, 'स्वराज्यातील मुसलमान', आणि खाली चौदा नावं. नूर बेग, सिद्दी हिलाल, सिद्दी इब्राहिम, काझी हैदर, इब्राहिम खान, दौलतखान वगैरे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी यादी कुठल्या ना कुठल्या रूपात असेल. आता ती फॉरवर्ड होऊन येते. तिच्यासोबत महाराजांच्या सैन्यात मुसलमान किती टक्के होते याचा आकडाही येतो, आणि तो दर शिवजयंतीला बदललेला असतो.

अब्बांनी ती कधी लिहिली ते मला आठवतं. जानेवारी १९९३. मुंबईत दंगल पेटली होती, आमची फुफू तिकडे होती, आणि दोन आठवडे घरात कुणी धड जेवत नव्हतं. मी आठवीत होतो. अब्बा सरकारी कचेरीत कारकून. रोज संध्याकाळी वाचनालयातून पुस्तकं आणायचे आणि त्यातून नावं उतरवून घ्यायचे. मग एका रात्री मला समोर बसवून ती पाठ करून घेतली. नमाजेची सूरत पाठ करून घ्यावी, तशी. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून.

त्याच वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी ती यादी म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळालं. बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अब्बांकडे बघून म्हणाले, "असे मुसलमान हवेत." ते भले गृहस्थ होते, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. अब्बा हसले. पण घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. त्या 'असे' मध्ये काय होतं, ते मला खूप नंतर कळलं. आपण जी यादी काढून दाखवतो, ती बघणारा तपासून परत देतो. पुढच्या वेळी पुन्हा मागतो. तहसील कचेरीतल्या दाखल्यासारखी तिची मुदत संपत असते.

तीस-बत्तीस वर्षं मी ती यादी वापरली. चहाच्या टपरीवर, ऑफिसात, लग्नात, रेल्वेच्या डब्यात. आता भाचा तीच मागत होता. देताना मला पहिल्यांदा नको वाटलं. मी त्याला म्हटलं, "रविवारी थळला जाऊ. तिथे देतो."

थळ हे माझं आजोळ. अलिबागहून किहीमच्या बाजूला, समुद्राला चिकटून असलेलं गाव. खताच्या कारखान्यामुळे त्याचं नाव सगळीकडे गेलं, पण गावाचा किनारा अजून मच्छीमारांचाच आहे. वाळत घातलेले बोंबील, जाळी विणत बसलेली माणसं, ओढून ठेवलेल्या होड्या. आणि समोर पाण्यात दोन बेटं. जवळचं, सपाट, पाण्यातून जेमतेम डोकं वर काढलेलं, ते उंदेरी. त्याच्या पलीकडचं, मोठं, टेकाडांचं, ज्यावर दीपगृह आहे, ते खांदेरी. लहानपणी सुट्टीत आलो की संध्याकाळी त्या दीपगृहाचा उजेड मोजत बसायचो. पण त्या पाण्यात काय घडलं होतं, हे मला आजोळी कुणी सांगितलं नाही, आणि अब्बांच्या यादीतही ते नव्हतं. यादीत फक्त 'दौलतखान, आरमार' एवढंच होतं.

किनाऱ्यावर माझ्या मामांचे जुने दोस्त, एक नाखवा, भेटले. वय सत्तरीच्या पुढे. भाच्याला बघून म्हणाले, "ह्यो कुणाचा?" मी सांगितलं. मग खांदेरीकडे बोट करून भाच्याला विचारलं, "त्या बेटाचं नाव जगाच्या यादीत गेलं, म्हाईत हाय का?" भाच्याला माहीत होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्यासोबत खांदेरी आहे. उंदेरी नाही. उंदेरी बांधली सिद्दीने. दोन्ही बेटांवरून एकमेकांवर तोफा डागल्या गेल्या, एवढी ती जवळ आहेत. मी भाच्याला वाळूत बसवलं आणि म्हटलं, आता ऐक.

महाराजांच्या आरमाराची सुरुवात १६५७ नंतर झाली. त्या वर्षी कल्याण-भिवंडी हाती आली आणि स्वराज्य खाडीला लागलं. मुरूडपाशी जंजिऱ्यात सिद्दी होता, गोव्यात आणि वसईत पोर्तुगीज, मुंबईत थोड्याच वर्षांत इंग्रज आले. समुद्र सगळा दुसऱ्यांचा. डोंगरातून उतरलेल्या राज्याला पाण्यावरची माणसं कुठून मिळणार? ती किनाऱ्यावरच होती. कोळी, भंडारी आणि मुसलमान. पिढ्यान्पिढ्या समुद्रावर पोट असलेली माणसं. त्यांतून आरमार उभं राहिलं. त्यावर दर्यासारंग या किताबाचा एक मुसलमान सरदार होता, मायनाक भंडारी होता, आणि दौलतखान होता.

दौलतखानाबद्दलचा मला सर्वांत आवडता कागद लढाईचा नाही, धान्याचा आहे. १६७५ चा जानेवारी. जंजिऱ्यासमोर महाराजांनी पद्मदुर्ग बांधायला काढला होता. दौलतखान आणि दर्यासारंग आरमार घेऊन तिकडे मदतीला जायचे होते. त्यांना पैसा आणि गल्ला पोहोचवावा म्हणून मोरोपंत पेशव्यांनी प्रभावळीच्या सुभ्यावर वराता दिल्या होत्या. तिथला सुभेदार जिवाजी विनायक. त्याने काहीच पाठवलं नाही. आरमार खोळंबलं. यावर महाराजांनी त्या सुभेदाराला जे पत्र लिहिलं, ते आजही वाचताना अंगावर येतं. आरमाराला रसद न पोहोचवून तू पद्मदुर्गाचं काम बुडवायला निघालास, सिद्दीने तुला काही देऊन आपला केला की काय, असा सरळ संशय त्यात आहे. आणि ब्राह्मण आहेस म्हणून तुझी गय केली जाईल असं समजू नकोस, असा दमही आहे.

भाच्याचे डोळे चमकले. त्याला लगेच त्यात त्याचं उत्तर दिसलं. महाराज एका मुसलमान सरदाराच्या बाजूने उभे राहिले! मी म्हटलं, थांब, नीट वाच. पत्रात दौलतखानाचं कौतुक नाही. तो मुसलमान असून निष्ठावंत आहे, असं एक अक्षर नाही. मुसलमान म्हणून त्याचा उल्लेखच नाही. पत्रात एक काम आहे, ते करायला निघालेली माणसं आहेत, आणि त्यांच्या खलाशांची पोटं आहेत. ज्याने धान्य अडवलं तो दोषी, त्याची जात कुठलीही असो. ज्याच्यासाठी अडवलं तो आपला, याची वेगळी खात्री कुणी मागितलेली नाही. मला वाटतं, कुणावर विश्वास असणं म्हणजे हेच. विश्वास असला की त्याचा उल्लेख करावा लागत नाही.

मग खांदेरीची गोष्ट. हे बेट मुंबईच्या तोंडावर आहे. तिथे किल्ला झाला तर मुंबई बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज नजरेखाली. १६७२ मध्ये महाराजांनी एकदा प्रयत्न केला होता, तो इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधाने सुटला. ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी माणसं आणि तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तटबंदी सुरू झाली. मुंबईकर इंग्रज हादरले. बेट आमचं आहे, सोडा, असा निरोप गेला. उत्तर आलं की महाराजांच्या हुकुमाशिवाय सोडणार नाही. सप्टेंबरात फ्रान्सिस थॉर्प नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बेटावर उतरायचा प्रयत्न केला. तो तिथेच मारला गेला.

बेटावर मायनाक होता, पण त्याला जिवंत ठेवायचं काम किनाऱ्यावरून होणार होतं. पाणी, तांदूळ, दारूगोळा, चुना, माणसं, सगळं या थळच्या बाजूने जायचं. समोर इंग्रजांची मोठी जहाजं नाकेबंदी करून उभी. नाखवा ऐकत होते. ते मध्येच म्हणाले, "मोठ्या जहाजाला इथं काय जमनार? खाली खडक किती हायेत. काळोखी रात बघायची, भरती बघायची, शीड लावायचं नाय, वल्ही मारायची. आवाज झाला नाय पायजे. आमचा आज्जा डोळे मिटून जायचा." इंग्रजांच्या पत्रव्यवहारात नेमकं हेच रडगाणं आहे. रात्री लहान होड्या निसटतात, आणि आमची जहाजं त्यांना धरू शकत नाहीत.

१८ ऑक्टोबर १६७९ ला पहाटे दौलतखान नागावच्या बाजूने आपलं आरमार घेऊन बाहेर पडला. चाळीस ते साठच्या दरम्यान गलबतं. इंग्रजांचा काफिला नांगर टाकून उभा होता. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर आणि वल्ह्यांवर ही गलबतं इतक्या वेगाने आली की नांगर उचलायलाही वेळ कमी पडला. डव्ह नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. इंग्रजांच्या बाकीच्या लहान नावा पांगल्या. रिव्हेंज हे एकच मोठं जहाज, केग्विन आणि मिंचिन हे त्यावरचे अधिकारी, तोफा चालवत टिकून राहिलं आणि दौलतखानाला शेवटी मागे हटावं लागलं. त्यामुळे इंग्रज इतिहासकार याला आपला विजय म्हणतात. पण जहाज टिकलं तरी नाकेबंदी टिकली नाही. रसद जातच राहिली, तट चढतच राहिला. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेऊन महाराजांशी जमवून घेतलं. खांदेरी राहिली.

"म्हणजे दौलतखान हरला आणि जिंकलापण?" भाच्याने विचारलं. मी म्हटलं, समुद्रावर असंच असतं. त्या दिवशीची लढाई रिव्हेंजने जिंकली. पण दौलतखान लढत होता तो बेटावरच्या माणसांना उद्याचं जेवण मिळावं म्हणून. ते मिळालं.

इथपर्यंत गोष्ट सुरळीत आहे. यादीवाल्यांना इथेच थांबायला आवडतं. पुढचा भाग मी भाच्याला सांगावा की नाही, याचा थोडा विचार केला. मग सांगितला, कारण तो समोर पाण्यातच दिसत होता.

नोव्हेंबर १६७९ मध्ये इंग्रजांच्या मदतीला जंजिऱ्याचा सिद्दी कासम आला. तो औरंगजेबाचा आरमारी सरदार. बाप-आजे आफ्रिकेतून इकडे आलेल्या हबशांपैकी. पाच वेळचा नमाजी, दौलतखानासारखाच मुसलमान. जानेवारी १६८० मध्ये त्याने उंदेरी ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली. खांदेरीला तोंड द्यायला उंदेरी. त्याच महिन्यात दौलतखानाने त्याच्यावर हल्ला केला. तो हल्ला फसला. माणसं गेली, गलबतं गेली, आणि दौलतखान स्वतः जखमी झाला. थळच्या या पाण्यात. दोन्ही बाजूंनी 'अल्लाहु अकबर' म्हणणारी माणसं होती. दोन्ही बाजूंनी कोकणातली माणसं होती. तीन महिन्यांत, ३ एप्रिल १६८० ला, महाराज रायगडावर गेले. उंदेरी त्यांच्या हयातीत मिळाली नाही.

भाचा बराच वेळ उंदेरीकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे तो मुलगा बरोबरच म्हणत होता. आपले समोर होते."

मी म्हटलं, "समोर होते. इकडेही होते. जयसिंगही समोरून आला होता, पुरंदरला, १६६५ मध्ये. तो कुणाचा होता? आणि हे ऐक. जंजिऱ्याच्या सिद्दींपैकीच एक, सिद्दी मिस्री, पुढे संभाजी महाराजांकडे आला. ऑक्टोबर १६८२ मध्ये तो सिद्दी कासमशी लढताना जखमी होऊन पकडला गेला आणि मुंबईत मेला. आणि नानांच्या यादीतला काझी हैदर आठवतो? तो महाराजांचा वकील होता, हे खरं. नंतर तो औरंगजेबाकडे गेला आणि तिकडे मोठ्या हुद्द्यावर चढला, हेही खरं. यादीत फक्त अर्धं लिहिलेलं असतं."

अब्बांना हे माहीत असणार. ते नीट वाचणारे होते. पण १९९३ च्या जानेवारीत कुणालाही पुरी गोष्ट नको होती. त्यांच्याकडे वेळ कमी होता आणि मुलाच्या हातात काहीतरी द्यायचं होतं. त्यांनी दाखला दिला. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. पाऊस आला की माणूस आधी डोकं झाकतो.

पण दाखल्याची किंमत मोजावी लागते, आणि ती दोन्हीकडून. एक म्हणजे आपल्याला. ज्याच्या पणज्याची यादी नाही, त्याने काय करायचं? ज्याचे पूर्वज कुठल्याच सरदाराच्या पदरी नव्हते, नुसतं जाळं टाकत होते, विड्या वळत होते, तेल गाळत होते, त्याचं इथलं असणं काय कमी आहे? आणि दुसरी किंमत मोजतो दौलतखान. ज्याने इंग्रजांच्या डोळ्यांदेखत एक बेट जगवलं, तो आपल्या हातात येऊन नुसता एक मुसलमान होतो. चौदापैकी सहावा.

अमेरिकेतलं एक उदाहरण मला या संदर्भात आठवतं. त्यांच्या देशाच्या उभारणीतल्या माणसांना ते फार मानतात. त्यांतला थॉमस जेफरसन. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा, पुढे तिसरा राष्ट्राध्यक्ष. विद्यार्थीदशेत, १७६५ मध्ये, त्याने कुराणाचा इंग्रजी तरजुमा विकत घेतला होता. कीथ एलिसन हे अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेले पहिले मुसलमान. त्यांनी कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायचं ठरवलं तेव्हा ओरड झाली. जानेवारी २००७ मध्ये त्यांनी संसदेच्या ग्रंथालयातून जेफरसनचीच ती प्रत मागवली आणि तिच्यावर शपथ घेतली. ओरडणाऱ्यांना चपखल उत्तर होतं. मलाही तेव्हा फार आनंद झाला होता, मी अब्बांना फोन करून सांगितलं होतं.

आता त्या आनंदात थोडी खोट दिसते. त्याच जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. त्या काळी आफ्रिकेतून अमेरिकेत ओढून नेलेल्या गुलामांमध्ये कितीतरी मुसलमान होते. त्यांच्याकडे कुराणाची प्रत नव्हती, ज्यांना येत होतं त्यांच्या छातीत ते होतं. मग तिथल्या मुसलमानाचा त्या देशाशी संबंध सिद्ध होतो कशाने? मालकाच्या कपाटातल्या पुस्तकाने, की मालकांच्या शेतात राबून मेलेल्या मुसलमानाने? जेफरसनला खाली ओढावं म्हणून मी हे म्हणत नाही. धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्याने लिहिला, १७८६ मध्ये व्हर्जिनियात तो मंजूर झाला, आणि त्यात मुसलमानही येतो हे त्याला पुरतं ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी त्याच्याच आहेत. मोठ्या माणसाचा वारसा घ्यायचा तर हिशेबाची दोन्ही पानं घ्यावी लागतात. दाखला मात्र एकाच पानाचा निघतो.

हे सगळं मी भाच्याला एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. तो नववीत आहे, आणि ऊन चढलं होतं. त्याला मी एक सोपी गोष्ट सांगितली. म्हटलं, या नाखवांकडे बघ. हे कोळी. यांच्या देव्हाऱ्यात खंडोबा-एकवीरा, खांदेरीवर यांचा वेताळ. आणि यांना गाव काय म्हणतं? नाखवा. तो शब्द फारसी नाखुदा. यांच्या होडीवर खलाशी, तो शब्द अरबी. ज्याच्यावर होडी चालते तो दर्या, तो फारसी. गुराब म्हणजे अरबीत कावळा. आणि ज्या आरमाराबद्दल आपण सकाळपासून बोलतोय, तो शब्द पोर्तुगीज. हे शब्द कुणी यादी करून यांच्या तोंडी घातले नाहीत. बरोबर काम करताना ते एकमेकांच्या तोंडी बसले. दौलतखान इथे असाच बसला होता.

नाखवांना या व्याख्यानाचा कंटाळा आला असावा. ते उठले. जाता जाता भाच्याला म्हणाले, "दौलतखान दौलतखान करताय, पण त्याच्या होडीवर वल्हं मारनारा कोन, त्याचं नाव नाय ना कुठं?" आणि हसत हसत जाळ्याकडे गेले. मला वाटलं, एवढ्या सकाळच्या बोलण्यात कामाचं वाक्य तेवढंच झालं.

मामांच्या घरी जेवलो. निघताना मी डायरीचं पान भाच्यापुढे धरलं. म्हटलं, नानांची यादी आहे, वचन दिलं होतं, घे. फोटो काढ. त्याने फोटो काढला. पुढे काही विचारलं नाही, आणि मीही सुचवलं नाही. शेवटी उत्तर त्याला द्यायचं होतं. वर्गात मला बसायचं नव्हतं.

१९ तारखेला संध्याकाळी आपाने भाषणाचा व्हिडिओ पाठवला. मोबाइल हलत होता, माइक घुमत होता. चार मिनिटांचं भाषण. त्यात यादी नव्हती. टक्केवारी नव्हती. तो पद्मदुर्गाच्या धान्यावर बोलला. एका अधिकाऱ्याने आरमाराचा गल्ला अडवला, आणि राजाने त्याला कसं खडसावलं. राजा मोठा का, तर समुद्रावर असलेल्या आपल्या माणसांच्या पोटाची त्याला काळजी होती. मग खांदेरी. रात्रीच्या होड्या. वल्ही. दौलतखानाचं नाव त्याने घेतलं, मायनाक भंडारीचं घेतलं, आणि दोघांच्या मागे कुठलंही विशेषण लावलं नाही. आणि शेवटी म्हणाला, ज्यांनी वल्ही मारली त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून त्यांनाही मुजरा.

टाळ्या पडल्या. १९९३ मध्ये मला पडल्या होत्या त्यापेक्षा कमी असाव्यात, असं वाटलं. पाठीवर हात ठेवून कुणी काही म्हटलं का, ते व्हिडिओत नव्हतं.

रात्री मी त्याला फोन केला. म्हटलं, फोटो काढून घेतला होतास, मग नावं का नाही सांगितलीस? ग्रुपवरच्या त्या मुलाला उत्तर द्यायचं होतं ना?

"तो पहिल्याच रांगेत होता," तो म्हणाला. "भाषण झाल्यावर आला माझ्याकडे. विचारत होता, खांदेरीला होडी कुठून जाते."

"मग?"

"मग काय, सांगितलं थळहून जाते. मे महिन्यात जायचं ठरलंय. मामू, तुम्ही त्या नाखवांना विचाराल का?"

विचारतो म्हटलं.